लैंगिक आणि नातेसंबंध समुपदेशक व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विचारणाऱ्यांत मानसशास्त्र आणि समाजकार्य शिकणारे विद्यार्थी असतात, दहा-पंधरा वर्षं समुपदेशन केलेले लोक असतात, अधूनमधून एखादी फिजिओथेरपिस्ट किंवा बीएएमएस डॉक्टरही असतो. प्रश्न मात्र फिरून फिरून हेच. खालची उत्तरं महाराष्ट्रात राहून हे काम शिकू पाहणाऱ्यांसाठी आहेत. परदेशी अभ्यासक्रमांबद्दल वेगळा प्रश्न पुढे आहे.

सेक्स थेरपिस्ट होण्यासाठी कोणती पदवी घ्यायची?

घेतली आणि दारावर पाटी लावली, अशी एकच सरकारमान्य पदवी आपल्याकडे नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण तशी पदवी विकणारे पुष्कळ आहेत.

वाट जुळवून घ्यावी लागते. आधी पायाची पदवी: मानसशास्त्रात एमए किंवा एमएस्सी, एमएसडब्ल्यू, नाहीतर एमबीबीएस करून सायकिअ‍ॅट्रीत एमडी. मग लैंगिकता आणि जोडप्यांबरोबरचं काम यांचं वेगळं प्रशिक्षण. आणि त्याबरोबर अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली केलेल्या केसेस. या तिसऱ्या भागाला लोक सर्वांत कमी महत्त्व देतात. माझ्या मते निम्म्याहून जास्त शिक्षण तिथेच होतं.

'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे नाव नुसत्या एमएवर लावता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेला अभ्यासक्रम आणि परिषदेच्या नोंदवहीत नाव लागतं. बाकीचे मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या कक्षेत आले आहेत. तेव्हा पदवी कुठून घेतली, इंटर्नशिप किती झाली, याचे कागद नीट जपून ठेवा. उद्या नोंदणीच्या रांगेत उभं राहायची वेळ आली की तेच लागतील.

सेक्सॉलॉजिस्ट आणि आम्ही, यात फरक काय?

सेक्सॉलॉजिस्ट डॉक्टर असतो, निदान असायला हवा. तो तपासतो, रक्ताच्या चाचण्या सांगतो, औषध देतो. तुम्ही डॉक्टर नसाल तर यातलं काहीही करायचं नाही, 'मेडिकलमधून अमुक गोळी घेऊन बघा' असं तोंडीसुद्धा सांगायचं नाही. पण कधी डॉक्टरकडे पाठवायचं हे तुम्हाला पक्कं ठाऊक हवं.

उदाहरण घ्या. पन्नाशीच्या गृहस्थांना वर्षभरापासून ताठरता येत नाही, सकाळी झोपेतून उठतानाही नाही. इथे नात्यातल्या तणावाचा शोध घेत सहा आठवडे घालवणं हा हलगर्जीपणा आहे. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे आजार कधी कधी आधी इथेच दिसतात. उलट एखाद्या तरुणाला एकटा असताना काहीच अडचण येत नाही, फक्त बायकोजवळ येते, तर शरीराची यंत्रणा बहुधा ठीक आहे आणि काम तुमचं आहे. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी इच्छा कमी होते, वीर्यपतन लांबतं. थायरॉइड, रजोनिवृत्ती, बाळंतपणातले टाके, सगळं विचारायचं. औषधांची यादी घेतल्याशिवाय पहिलं सत्र संपवायचं नाही.

आणखी एक तिसरा प्रकार आहे. रेल्वेलाइनच्या भिंतींवर ज्याची जाहिरात रंगवलेली असते तो. तुमच्याकडे येणाऱ्या पुरुषांपैकी बरेच जण तिथे पैसे आणि आत्मविश्वास दोन्ही घालवून आलेले असतील. 'हस्तमैथुनाने धातू गेला, म्हणून अशक्तपणा आला' ही समजूत तिथे पक्की करून मिळते. वीर्यनाशाच्या या भीतीतून येणाऱ्या लक्षणांना डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' हे नाव दिलं. समोरच्याची समजूत हसण्यावारी नेऊ नका. आजोबांपासून चालत आलेली गोष्ट आहे ती, एका आकृतीने पुसली जात नाही.

प्रशिक्षणात नेमकं शिकवतात काय?

चांगल्या अभ्यासक्रमाची सुरुवात शरीरापासून होते: रचना, संप्रेरकं, उत्तेजनेचं चक्र. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी जोडीने प्रयोगशाळेतल्या निरीक्षणांवरून १९६६ मध्ये हे चक्र मांडलं आणि १९७० मध्ये उपचाराची पद्धत. स्वतःच्याच शरीरावर पहारा ठेवत राहिल्याने उत्तेजना कशी विझते हे त्यांनी दाखवलं. हेलन सिंगर कॅप्लन यांनी त्यात 'इच्छा' हा टप्पा जोडला. आता साधा वाटतो, पण त्यामुळे 'सगळं जमतं, पण नकोसं वाटतं' म्हणणाऱ्या माणसांना तक्रार मांडायला जागा मिळाली. शीघ्रपतनासाठी थांबा-सुरू करा ही पद्धत त्याही आधीची, जेम्स सेमन्स यांची, १९५६ ची.

मग जॅक अ‍ॅनन यांचा 'प्लिसिट' नमुना. सत्तरच्या दशकातला आहे आणि अजून रोज कामाला येतो. पहिली पायरी बोलायची मोकळीक देण्याची, दुसरी मोजकी माहिती देण्याची, तिसरी नेमक्या सूचनांची आणि चौथी सखोल थेरपीची. आपल्याकडे कितीतरी माणसं पहिल्या दोन पायऱ्यांवरच मोकळी होऊन घरी जातात. चौथ्या पायरीची घाई नवशिक्यांनाच असते.

याशिवाय जोडप्यांबरोबर काम करायच्या पद्धती, आघात आणि लैंगिक अत्याचार, अपंगत्व, वार्धक्य, लिंगभाव, कायदा. रोगनिदानाची भाषाही बदलते आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीमध्ये, जी २०२२ पासून लागू झाली, लैंगिक आरोग्यासाठी वेगळं प्रकरण आहे. या अडचणी आता मानसिक आजारांच्या यादीत बसवलेल्या नाहीत. एखाद्या संस्थेच्या नोट्समध्ये याचा पत्ताच नसेल तर त्या नोट्स किती जुन्या आहेत ते समजा.

प्रत्यक्ष सत्रात काय होतं? बाहेरून काही कळत नाही.

एक प्रसंग सांगतो. हे कुणा एका जोडप्याचं वर्णन नाही. अशी जोडपी इतकी येतात की तपशील एकमेकांत मिसळून गेलेत.

लग्नाला चार वर्षं झाली आहेत. वंध्यत्वाच्या डॉक्टरांनी पाठवलंय. तो खुर्चीच्या कडेवर, ती पर्स मांडीवर घट्ट धरून. तो म्हणतो, "मूल होत नाहीये." तुम्ही विचारता, संबंध कसे आहेत? तो म्हणतो, "नॉर्मल."

नवशिका इथे 'नॉर्मल' लिहून घेतो आणि पुढे सरकतो. शिकलेला थांबतो. "नॉर्मल म्हणजे कसे, जरा सांगाल? शेवटचं कधी जवळ आलात? त्या दिवशी काय काय झालं?" शांतता. पंख्याचा आवाज. मग ती, त्याच्याकडे न बघता: "तसं पूर्ण होतच नाही." "पूर्ण म्हणजे, आत जाणं होत नाही?" ती मान हलवते. "दुखतं, की आधी भीती वाटते, की दोन्ही?" "दोन्ही. मी पाय आखडून घेते. मुद्दाम नाही करत."

'मुद्दाम नाही करत' हे वाक्य कुणीच चार वर्षं ऐकून घेतलेलं नसतं. आईने सांगितलं होईल हळूहळू, सासूला वाटतं नखरे, आणि नवरा जबरदस्ती नको म्हणून मागे सरता सरता स्वतःच गळपटलाय. त्याचीही ताठरता आता टिकत नाही, पण ते तो या सत्रात सांगणार नाही. म्हणून पुढच्या वेळी दोघांना वेगवेगळं भेटायचं.

पुढचं काम पायरीपायरीने होतं. समजूतदार स्त्रीरोगतज्ज्ञाकडून, तिच्या संमतीने, ती म्हणेल तिथे थांबणारी तपासणी. आकृती दाखवून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कसे आपोआप आवळतात ते समजावणं. श्वास, स्नायू सैल सोडायचा सराव, मग लहानापासून सुरू होणारे डायलेटर, म्हणजे योनीला हळूहळू सवय व्हावी म्हणून वापरायच्या गुळगुळीत नळ्या, तिच्याच हातात, तिच्याच गतीने. आणि जोडप्यासाठी स्पर्शाचे गृहपाठ, ज्यांत काही आठवडे संभोगाला चक्क बंदी असते. बंदी ऐकल्यावर दोघांचेही खांदे खाली येतात, ते बघण्यासारखं असतं.

आता हे गृहपाठ पुस्तकात सोपे दिसतात, कारण पुस्तकातल्या जोडप्याला स्वतंत्र बेडरूम असते. इथे वन बीएचके, सासू-सासरे हॉलमध्ये, बेडरूमच्या दाराला कडी लावली की सकाळी चर्चा. तेव्हा 'आठवड्यातून तीनदा, एक तास' असं सांगून उपयोग नाही. सासू-सासरे कीर्तनाला जातात तो वार कोणता, हे विचारावं लागतं. कडीचा आवाज होतो म्हणून तेल घालायला सांगणं हाही उपचाराचाच भाग.

आणि हो, मधल्या काळात मूल हवं म्हणून त्यांनी कृत्रिम गर्भधारणेचा मार्ग घेतला तर तो त्यांचा निर्णय. मूल झालं तरी मूळ अडचण तशीच राहते एवढं स्पष्ट सांगायचं आणि बाजूला व्हायचं.

सत्रात शारीरिक तपासणी किंवा प्रात्यक्षिक असतं का?

नाही. कधीच नाही. कपडे अंगावर, दोन खुर्च्यांत अंतर, सगळं काम बोलून. तपासणी फक्त डॉक्टर करतो, त्याच्या दवाखान्यात. कुणी 'प्रॅक्टिकल थेरपी' शिकवतो म्हणाला तर तिथून उठून या आणि इतरांनाही सांगा.

मलाच बोलताना लाज वाटते. मी या कामाला योग्य आहे का?

लाज वाटणं अडचणीचं नाही. ती झाकायला केलेला आव अडचणीचा. काही जण अति इंग्रजी बोलून लाज झाकतात, काही विनोद करून, काही एकदम डॉक्टरी होऊन. समोरच्याला ते लगेच कळतं. प्रशिक्षणात यासाठी साधा सराव असतो: जोडीदाराबरोबर बसून संपूर्ण लैंगिक इतिहास मोठ्याने विचारायचा, मराठीत, डोळ्यांत बघून. पहिल्या वेळी सगळे हसतात. चौथ्या-पाचव्या वेळी प्रश्न नुसता प्रश्न उरतो.

खरी काळजी मला उलट्या लोकांची वाटते, ज्यांना काहीच अवघड जात नाही आणि जे दुसऱ्याच सत्रात सल्ले द्यायला लागतात.

मी अविवाहित आहे. लोक मला गंभीरपणे घेतील का?

"तुमचं लग्न झालंय का?" हे विचारलं जाणारच, विशेषतः तरुण मुलींना. 'माझ्याबद्दल कळलं तर तुम्हाला कशी मदत होईल?' असं शांतपणे विचारलं की त्यामागची भीती बाहेर येते: ही मला समजून घेईल का, हसेल का. उत्तर द्यायचं त्या भीतीला.

स्त्री समुपदेशकांच्या सुरक्षिततेचं काय?

हा प्रश्न अभ्यासक्रमांत फार उशिरा येतो, म्हणून इथे थोडं सविस्तर. ऑनलाइन किंवा फोनवर काम करताना काही पुरुष मदतीसाठी नव्हे, बोलण्यातून सुख मिळवण्यासाठी सत्र घेतात. ओळखायच्या खुणा असतात. अडचण सांगताना वर्णन लांबत जातं पण त्रास कुठेच दिसत नाही. तुमच्या प्रत्येक प्रश्नाला नवा रंगीत तपशील मिळतो. कॅमेरा बंद ठेवण्याचा हट्ट असतो. श्वास बदलतो. अशा वेळी ताडून बघत बसायचं नाही. "हे संभाषण मी इथे थांबवते आहे," एवढं म्हणून बंद करायचं, नोंद करायची, सुपरव्हायझरला सांगायचं. स्पष्टीकरणही द्यायचं नाही. पहिली भेट पैसे आगाऊ घेऊन आणि पूर्ण नाव-पत्ता घेऊनच ठरवली की यातले बरेच जण आधीच गळतात. सुरुवातीला एकट्याच्या बंद ऑफिसात संध्याकाळी उशिराची वेळ देऊ नका.

सुपरव्हिजन म्हणजे नेमकं काय? ते कुठे मिळतं?

अनुभवी थेरपिस्टपुढे आपल्या केसेस नियमित मांडायच्या, ओळख लपवून, आणि आपण कुठे घसरलो ते ऐकून घ्यायचं. 'मी त्या नवऱ्यावर चिडलो होतो' किंवा 'तिच्याबद्दल मला ओढ वाटली' हे दुसरीकडे कुठे बोलणार? दुसरं वाक्य बोलायला जागा नसलेला समुपदेशक धोकादायक होतो.

मुंबई-पुण्यात जोडप्यांबरोबर काम करणारे वरिष्ठ मिळतात, ऑनलाइन इतर शहरांतलेही. मोठ्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात काम मिळालं तर उत्तम. चंदीगडच्या पीजीआयमध्ये वैवाहिक आणि मनोलैंगिक अडचणींसाठी स्वतंत्र क्लिनिक चालतं. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी या विषयाचा विभाग उभा केला. दिल्लीची 'तारशी' ही संस्था १९९६ पासून लैंगिकतेवर काम करते आणि प्रशिक्षणंही घेते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' हेल्पलाइन २०१२ पासून आहे. हेल्पलाइनवर काम केलेला माणूस ऐकायला लवकर शिकतो.

समलिंगी, ट्रान्स व्यक्तींबरोबर काम करायचं नसेल तर चालेल?

अजून शिकायचं आहे म्हणून योग्य व्यक्तीकडे पाठवणं चालेल. 'बदलून देतो' म्हणणं चालणार नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमातून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये तथाकथित कन्व्हर्जन थेरपी हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. आईवडील मुलाला घेऊन येतील, 'काहीही करा' म्हणतील, रडतील. तुम्हाला आईवडिलांना सांभाळायला शिकायचंय, मुलाला सुधारायला नव्हे. मुंबईतला हमसफर ट्रस्ट, पुण्यातला समपथिक ट्रस्ट यांच्या कामाची ओळख करून घ्या.

गुप्तता किती पाळायची? नवरा म्हणाला, 'बायकोला सांगू नका' तर?

पहिल्या भेटीतच नियम सांगायचा. काही थेरपिस्ट म्हणतात, वेगळ्या भेटीत सांगितलेलं मी जोडीदारापुढे उघड करणार नाही. काही म्हणतात, नात्यावर परिणाम करणारं गुपित मी ठेवणार नाही. दोन्ही चालतं. नियम मध्येच बदलणं चालत नाही.

कायद्याने काही ठिकाणी हात बांधलेले आहेत. समोरची व्यक्ती अठरा वर्षांखालची असेल आणि लैंगिक संबंध किंवा अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सतरा वर्षांची मुलगी आपल्या मर्जीने केलेल्या प्रेमाबद्दल सांगू लागते तेव्हा हे कलम फार बोचतं. म्हणून ती सांगायला लागण्याआधीच, सोप्या शब्दांत, ही मर्यादा तिच्या कानावर घालायची.

आणि मारहाण असेल, जबरदस्ती असेल, तर जोडप्याचं एकत्र सत्र थांबवायचं. समोर बसवून बोलतं केलं आणि तिने घरी जाऊन त्याची किंमत मोजली, असं व्हायला नको. भारतीय न्याय संहितेत नवऱ्याने प्रौढ बायकोवर केलेल्या जबरी संभोगाला बलात्काराच्या व्याख्येतून अजूनही वगळलेलं आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा मात्र लैंगिक छळ मोजतो. कायदा काय मोजतो हे तिला सांगा. 'कायद्यात बसत नाही, म्हणजे झालंच नाही' असं मात्र तुमच्या सुरातही येता कामा नये.

ब्रिटनचा किंवा अमेरिकेचा अभ्यासक्रम करावा का?

या कामासाठी 'सायकोसेक्शुअल थेरपिस्ट' हे नाव रूढ आहे ब्रिटनमध्ये. तिथे कॉलेज ऑफ सेक्शुअल अँड रिलेशनशिप थेरपिस्ट्स ही व्यावसायिक संस्था अभ्यासक्रमांना मान्यता देते आणि थेरपिस्टांची नोंद ठेवते. अमेरिकेत हे काम 'आसेक्ट' ही संस्था करते. पण ब्रिटनमध्येही सायकोथेरपिस्ट हे नाव कायद्याने राखीव नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. त्यामुळे तिथल्या प्रमाणपत्राने भारतात कायदेशीर अधिकार मिळत नाही. मिळते ती शिस्त: ठरलेले तास, सुपरव्हिजन, लेखी केस. परवडत असेल तर त्यासाठी करा. तिकडेच स्थायिक व्हायचं असेल तर प्रश्नच नाही. मराठीतून बोलणारा थेरपिस्ट शोधणारी माणसं लंडनलाही आहेत.

दोन दिवसांचे ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स कसे असतात?

ओळख म्हणून काही ठीक. त्यावर प्रॅक्टिस सुरू करू नका. पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा: शिकवणारे स्वतः आजही क्लायंट बघतात का, सुपरव्हिजन फीमध्ये आहे का, रोल-प्ले किती, आणि कुणाला नापास करता का. शेवटच्या प्रश्नावर समोरचा गडबडला तर पैसे खिशातच राहू द्या.

मराठीतून हे शिकता येतं का?

पूर्ण अभ्यासक्रम बहुतेक इंग्रजीत. पण काम मराठीत करायचंय, आणि ती परंपरा आपल्याकडे जुनी आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते सरळ उत्तरं देत. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये खटला झाला तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला ते हरले. त्यानंतर इंग्रजी वृत्तपत्रात डॉ. महिंदर वत्सांनी म्हातारपणापर्यंत असंच उत्तरं देण्याचं काम केलं, २०२० मध्ये ते गेले. आणि २००७ मध्ये याच महाराष्ट्रात शाळांतल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर बंदी आली होती. तुमच्याकडे आज पस्तिशीत येणारा माणूस त्या वेळी शाळकरी होता, हे इतिहास घेताना ध्यानात असू द्या.

यावर घर चालतं का?

लगेच नाही. पहिली काही वर्षं बहुतेक जण सोबत नोकरी करतात: रुग्णालय, संस्था, कंपन्यांचे समुपदेशन कार्यक्रम, कॉलेजं. समाजकार्याची पदवी असेल तर कौटुंबिक न्यायालयातल्या विवाह समुपदेशकाच्या जागांकडे लक्ष ठेवा, तिथे जे दिसतं ते कुठल्याच वर्गात दिसत नाही. स्वतःची प्रॅक्टिस वाढते ती मुख्यतः स्त्रीरोगतज्ज्ञ, मूत्ररोगतज्ज्ञ आणि सायकिअ‍ॅट्रिस्ट यांनी पाठवलेल्या माणसांवर. इथे सोशल मीडियापेक्षा डॉक्टरला वेळेवर लिहिलेलं दोन ओळींचं उत्तर जास्त कामाचं. समाधानी क्लायंट तुमचं नाव चारचौघांत घेणार नाही, हे गृहीत धरूनच या धंद्यात या.

घरी काय सांगू?

'मॅरेज काउन्सेलिंग शिकतेय' असं सांगून बऱ्याच जणी वेळ मारून नेतात, आणि ते खोटंही नाही. महिन्याभरात एखादी मावशी स्वयंपाकघरात बाजूला घेऊन हळूच काहीतरी विचारेल. नातेवाइकांची थेरपी करायची नसते. तिला दुसऱ्या कुणाचा तरी नंबर द्या.